डोहाला झाकण

आमच्या साडूभाऊंचं ठाम मत आहे की थंडीतली खरी मासेमारी बर्फावरच होते. हे मत ते मिनेसोटात बसून देतात आणि मी ते हरसूलला बसून ऐकतो, त्यामुळे सामना मुळातच विषम आहे. मिनेसोटा हा अमेरिकेतला तळ्यांचा प्रांत. तिथल्या मोटारींच्या नंबरपाटीवरसुद्धा 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं. आपल्याकडे मोटारीच्या मागे 'आईचा आशीर्वाद' असतो. नोव्हेंबर सरता सरता तिथली तळी गोठू लागली की हे लोक गिरमिटानं बर्फाला भोक पाडतात, भोकावर तंबू ठोकतात, तंबूत शेगडी लावतात आणि स्टुलावर बसून भोकात गळ सोडतात. बर्फ चार इंच जाड झाल्याशिवाय त्यावर माणसानं पाय ठेवायचा नाही. काचेसारखा स्वच्छ असेल तर भरवशाचा, दुधी दिसला तर त्याची ताकद निम्मीच धरायची. हे नियम साडूभाऊंनी मला इतक्या वेळा ऐकवले आहेत की उद्या आमच्या पाझर तलावावर बर्फ जमलाच, तर आख्ख्या शाखेत बुडून न मरणारा इसम मी एकटाच असेन.

"तुमच्याकडे काय हो," ते म्हणतात, "काठी घ्यायची आणि काठावर बसायचं. थंडीच नाही, तर थंडीतली मासेमारी कसली?"

या वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला माझा आक्षेप आहे. पहिला आक्षेप 'थंडीच नाही' याला. निफाडचा पारा उतरला की तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो. हरसूलचा पारा कोणी छापत नाही, म्हणून हरसूलला थंडी नाही असा जगाचा समज झाला आहे. त्र्यंबकेश्वर मागं टाकून, घाटातली वळणं घेत घेत जी एसटी तुमची हाडं मोजते ती ज्या गावात तुम्हाला उतरवते, ते हे गाव. माझी इथं बदली झाली तेव्हा घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. सासूबाईंनी तर "साहेबाशी काही भांडण झालं का?" असं विचारलं होतं. पण मार्गशीर्षात सकाळी सहा वाजता डोहाच्या काठी या म्हणजे समजेल. पाण्यावरून वाफ निघत असते, खडकावर बूड टेकवलं की ते आपलं आहे की खडकाचं हे दहा मिनिटांत सांगता येत नाही, आणि शेगडी वगैरे प्रकार नसतो. असते ती विडी, आणि तीही शेजाऱ्याची.

दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे. मी बी. कॉम. असलो तरी पाणी चार अंशांवर सर्वांत जड असतं एवढं मला माहीत आहे. म्हणजे वर बर्फ जमला तरी खाली तळाशी पाणी साधारण चार अंशांवर स्थिर राहतं. मिनेसोटातल्या माशाला डिसेंबरात कसलीच अनिश्चितता नसते. सरकारी नोकरासारखा तो एका जागी, एका तापमानात, सावकाश आयुष्य काढत असतो. त्याला कुठं शोधायचं हे ठरलेलं. आमच्या माशाचं तसं नाही. पहाटे दात वाजतात आणि दुपारी दोनला टोपी काढून वारा घ्यावा लागतो. मासा थंड रक्ताचा. पाणी गार झालं की त्याचं पोटही गार होतं. एकदा खाल्लेला घास पचायला त्याला उन्हाळ्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. थंडीतला मासा उपाशी नसतो, तो नुसता कंटाळलेला असतो. आणि कंटाळलेल्याला जेवायला उठवणं किती अवघड असतं हे ज्याच्या घरी कॉलेजात जाणारा मुलगा आहे त्याला विचारा.

म्हणून थंडीच्या तोंडाशी इथली मासेमारी हे डोक्याचं काम आहे. ते मला शिकवलं आमच्या एका खातेदार बाबांनी. वय सत्तरीच्या पुढं, सहीऐवजी अंगठा, खात्यावर शिल्लक जेमतेम. पण नदीच्या बाबतीत हा माणूस जनरल मॅनेजर आहे. पहिल्या हिवाळ्यात मी पुस्तकी हिशोबानं पहाटे पाचला जाऊन बसत असे. बाबा नऊ वाजता शेळ्या घेऊन येत आणि माझ्याकडे, लोक वेळेआधी काउंटरवर आलेल्या माणसाकडे पाहतात तसं पाहत.

"सायेब, अजून मासा उठला नाही," ते म्हणाले, "तुमीच का उठले?"

उन्हाळ्यात पहाट, थंडीत दुपार, हा पहिला धडा. ऊन चढून उथळ पाणी कोमट झालं की मासा डोहाच्या पोटातून कडेला शेकायला येतो. अकरा ते तीन हे त्याचं कामकाजाचं टपाल. (बँकेची वेळही तीच, हा माझ्या आयुष्यातला एक मोठा अन्याय आहे. रविवार एवढाच आधार.) दिवाळीनंतरचा पहिला कडाका पडला की दोन-तीन दिवस गळाला काही शिवत नाही, तेव्हा घरी बसून बायकोची कामं करावीत. उलट कार्तिकात आभाळ भरून आलं, रात्र उबदार गेली, की दुसऱ्या दिवशी मासा मोकळा सुटतो. ज्या ढगांना दिंडोरी-निफाडकडचा द्राक्षबागायतदार शिव्या घालतो त्याच ढगांना आम्ही हात जोडतो. एकाच जिल्ह्यात देवानं कोणाकोणाचं ऐकावं!

दुसरा धडा पाण्याचा. पावसाळ्यातलं पाणी गढूळ असतं, तिथं पाटावर बसून तबला वाजवलात तरी माशाला पत्ता लागत नाही. कार्तिकात पाणी निवळतं. आता मासा तुम्हाला बघतो. त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंना जी रेघ असते ती नुसती नक्षी नव्हे, पाण्यातला हादरा त्याला तिच्यातून कळतो. म्हणून काठावर पाय आपटत जायचं नाही, सूर्य पाठीशी घ्यायचा नाही, आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, आणि लग्नातला पांढरा सदरा घालून तर मुळीच जायचं नाही. तंगूस बारीक, गळ बारीक, शिसं चिमूटभर. तरंड म्हणून साडूभाऊंकडे फ्लोरोसंट रंगाचं काहीतरी असतं. बाबा जुन्या स्लिपरचा तुकडा कापून लावतात. गांडुळाचा अर्धाच तुकडा. जून महिन्यात जो मासा आख्खं गांडूळ गिळून वर आणखी मागतो, तो डिसेंबरात मोठा घास पाहूनच मान फिरवतो. आणि ओढ लागली तरी लगेच हिसका द्यायचा नाही. थंडीतला मासा आमिष तोंडात घेऊन विचार करतो. त्याला विचार करू द्यायचा. मरळ असेल तर तिची जागा ओळखायची खूण वेगळी. तिला कल्ल्यांवर भागत नाही, अधूनमधून पाण्यावर येऊन हवा घ्यावी लागते. जिथं एक बुडबुडा दोनदा दिसला तिथं तासभर डोळा लावून बसायचं.

बाबा तासभर बसतात. मी तासभर बसतो. आमच्यात एका तासात पाच वाक्यं होतात. दोघांत मिळून चार बोटभर मासे मिळाले तर तो चांगला रविवार. "चार माशांसाठी सहा तास?" असं जेव्हा आमचे अकाउंटंट विचारतात, तेव्हा मी त्यांना हिशोब समजावत नाही. ज्या माणसानं आयुष्यात फक्त बेरीज केली, त्याला काही गोष्टी सांगता येत नाहीत.

इथवर साडूभाऊंना माझं उत्तर पूर्ण झालं. पण एका बाबतीत मला त्यांच्या तळ्याचा हेवा वाटतो, आणि खरं भांडण तिथंच सुरू होतं. ते भांडण साडूभाऊंशी नाही.

बर्फ म्हणजे तळ्यावर घातलेलं झाकण आहे. आठ इंचांच्या भोकातून माणूस कितीही हावरा असला तरी किती मासे काढणार? वर परवाना लागतो, दिवसाला किती मासे न्यायचे तेही ठरलेलं. आमच्या डोहाला झाकण नाही. आणि थंडीच्या तोंडाशी डोह म्हणजे काय हे समजून घ्या. पाऊस संपला, ओहोळ आटले, नदीची धार बारीक झाली, की मैलोगणती पाण्यात पसरलेला सगळा मासा मागं सरत सरत त्या चार-दोन डोहांत येऊन बसतो. पुढचे सात महिने त्याला तेवढंच घर. जूनमध्ये पहिला पाऊस कोसळला की हेच मासे अंडी घालायला ओढ्याओहोळांतून वर धावतात. चढणीचे मासे म्हणतात ते हेच. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर चढणीचे मासे हे व्याज, आणि डोहातले मासे हे मुद्दल.

नेमक्या याच दिवसांत, कार्तिक-मार्गशीर्षात, डोहात पावडर पडते.

पाणी साफ करायची जी ब्लीचिंग पावडर ग्रामपंचायत विहिरीत चिमटीनं टाकते, तीच इथं गोणीनं ओततात. तिनं माशाचे कल्ले जळतात. पावडर नसली तर टोमॅटोवर मारायचं औषध. त्यातली पुष्कळशी औषधं मासळीला जहाल विषारी असतात, आणि तसं बाटलीच्या चिठ्ठीवर मुंगीच्या अक्षरात छापलेलंही असतं. बँकेच्या कर्जाच्या अटींसारखंच ते कोणी वाचत नाही. कुठं सुरुंगाच्या कांड्या, कुठं तारेवर आकडा टाकून पाण्यात वीज सोडायची. अर्ध्या तासात डोह पांढरा. हवे ते मोठे मासे पोत्यात भरायचे आणि बाकीचे तसेच सोडून जायचे. बोटाएवढी पिल्लं, झिंगे, बेडूक, खेकडे, सगळं पोट वर करून तरंगत असतं. सोमवारी सकाळी शेळ्यांनी त्याच पाण्याला तोंड लावायचं.

मला यातली सर्वांत जास्त चीड कशाची येत असेल, तर 'आदिवासी लोकच करतात हो' या वाक्याची. हे वाक्य म्हणणाऱ्याच्या ताटात बहुतेक वेळा त्याच डोहातला मासा असतो. शनिवारी संध्याकाळी शहराकडून ज्या गाड्या येतात, त्यांच्या मागच्या डिकीत बर्फाची पेटी, बाटल्या, मसाल्याच्या पुड्या आणि एक पांढरी गोणी असते. गावातली दोन पोरं हाताशी धरतात, त्यांना दोन-चारशे रुपये देतात, पोरं पाण्यात उतरतात. उद्या बोभाटा झाला तर नाव पोरांचं, पार्टी साहेबांची. पोरांची चूक नाही असं मी म्हणत नाही. पण गोणी विकत घेणारा आणि गोणी ओतणारा हे एकाच पावतीवर सही करणारे दोघेजण आहेत, आणि आपण नेहमी दुसऱ्याचीच सही तपासतो.

"पूर्वीही झाडपाला टाकून मासे मारत होतेच की," हा दुसरा मुद्दा. मारत होते. गेळाची फळं कुटून पाण्यात टाकायची रीत जुनीच आहे. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, आटत आलेल्या एखाद्या डबक्यात टाकायचे, मासा गुंगायचा, हातानं उचलायचा. आणि मोठ्या डोहात टाकायची कोणाची छाती नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी आख्खा गाव दारात यायचा. रीत निर्मळ होती असा माझा दावा नाही. पण गुंगी आणि मरण यांत फरक आहे, आणि फळं कुटायला जी मेहनत लागते तिचंच एक झाकण होतं. गोणीला मेहनत लागत नाही. गोणीला फक्त दोरा तोडावा लागतो.

कायदा नाही असंही कोणी म्हणू नये. 1897 साली इंग्रज सरकारनं मासेमारीचा कायदा केला, त्यात पाण्यात सुरुंग उडवणं आणि पाण्यात विष कालवणं हे दोन्ही गुन्हे ठरवले. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. पुढं 1960 साली महाराष्ट्राचा स्वतःचा मत्स्यव्यवसायाचा कायदाही झाला. 1897 चे दोनशे रुपये म्हणजे काय चेष्टा नव्हती. पाच टक्के चक्रवाढीनं ते आज लाखाच्या घरात जातात; मी काउंटरवर गर्दी नसताना हिशोब करून पाहिला आहे. नदीतल्या माशाची एवढी किंमत परक्या सरकारला वाटली, आणि आपल्याला मात्र एका पार्टीएवढीच वाटते.

गेल्या वर्षीच्या आधीच्या कार्तिकात आमच्या डोहात पावडर पडली तेव्हा मी रजा टाकून एका कचेरीत तक्रार द्यायला गेलो. कचेरीचं नाव सांगत नाही; मीही कचेरीतलाच माणूस आहे, धंद्याची इज्जत असते. तिथल्या कारकुनानं माझा अर्ज उलटा-सुलटा करून पाहिला.

"मासे तुमचे होते का?"

"नाही."

"मग तुमचं नुकसान काय?"

"नदीचं नुकसान आहे."

"नदी अर्जदार आहे का?"

मी गप्प. एवढी बिनतोड हरकत मलासुद्धा वीस वर्षांच्या नोकरीत काढता आलेली नाही. मग त्यानं मेलेल्या माशांची संख्या विचारली. मी म्हणालो, मोजली नाही. "अंदाजे चालेल," तो म्हणाला, "पण पंचनामा लागेल. मयत मासे हजर करा." मासे मरून चार दिवस झाले होते. त्यांना हजर केलं असतं तर कचेरीला सुट्टी द्यावी लागली असती. अर्जावर शिक्का मात्र मिळाला. तो अर्ज अजून विचाराधीन असावा.

हे सगळं माशांपुरतं असतं तर मी एवढं तोंड वाजवलं नसतं. पण हा दमणगंगेच्या उगमाकडचा मुलूख आहे. पाऊस इथं असा कोसळतो की छत्री ही केवळ शोभेची वस्तू ठरते, आणि ते सगळं पाणी उतारावरून पश्चिमेला पळून जातं. फाल्गुन-चैत्रात याच पट्ट्यातल्या पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन उतरतात त्या अशाच एखाद्या डोहात, नाहीतर त्याच्या कडेला वाळूत खणलेल्या झिऱ्यावर. ज्यानं कार्तिकात गोणी ओतली त्याच्या फ्लॅटमध्ये नळाला पाणी असतं. आषाढात तोच माणूस पुन्हा येतो, पुलावर गाडी थांबवतो आणि विचारतो, "काय हो, यंदा चढणीचे मासे कुठं गेले?" साहेब, तुम्ही मुद्दल उचलून नेलंत. आता पासबुक घेऊन व्याज मागायला आलात?

बाबांना माझ्या अर्जाचं काहीच वाटलं नाही. त्यांनी विचारलं, "कागदानं पानी राखता येतं का?" मी त्यांना राखलेल्या पाण्यांची उदाहरणं दिली. महाडजवळ वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे मासे आहेत, वाड्याकडे तिळशाला वैतरणेच्या डोहात महादेवाचे मासे आहेत. हातभर लांबीचे महाशीर माणसाच्या हाताजवळ येऊन खातात, आणि त्यांना मारायचं कोणाच्या स्वप्नातही येत नाही. तिथं शिपाई नाही, शिक्का नाही. बाबांनी ऐकून घेतलं, विडी विझवली आणि काही न बोलता शेळ्या हाकलत निघून गेले.

पुढच्या रविवारी मी गेलो तर डोहाच्या काठी, माझ्या नेहमीच्या खडकाशेजारी, एक गुळगुळीत दगड शेंदूर फासून उभा होता. पुढ्यात नारळाची करवंटी, उदबत्तीची राख. गावात त्यावरून बरीच वादावादी झाली. शिकलेली पोरं म्हणाली, ही अंधश्रद्धा आहे. म्हातारे म्हणाले, असेल, पण पावडरीपेक्षा बरी. एका शनिवारी एक गाडी आलीही होती. आतल्या साहेबांनी दगड पाहिला, चपला काढल्या, नमस्कार केला, पाच रुपये ठेवले आणि गोणीसकट परत गेले. असं मला बाबांनीच सांगितलं. ते पाच रुपये त्यांनी खात्यात भरले, आणि स्लिपवर कोणाचं नाव लिहायचं यावर काउंटरवर आमचा बराच वेळ गेला.

त्याला आता एक वर्ष झालं. यंदाच्या कार्तिकात डोह काळाभोर दिसतो, दुपारी कडेच्या उन्हात मासे येऊन थांबतात, एक मरळ तर अशी हवा घेते की बुडबुडा दिसायच्या आधी आवाज येतो. मी मोठ्या उत्साहानं तंगूस सोडवायला लागलो, तर बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"सायेब, देवाचा डोव्ह हाय. इथं गळ नाय टाकायचा."

"पण बाबा, आपण तर नेहमी..."

"आपुनबी नाय."

तेव्हापासून आम्ही दोघं दोनशे पावलं वरच्या अंगाला, गुडघाभर पाण्याच्या एका भिकार खळग्यापाशी बसतो. तिथं ऊन येत नाही, वारा समोरून लागतो, आणि गेल्या तीन रविवारांत आमची एकूण कमाई एक खेकडा आहे. तो बाबांनी नेला.